व्याज लंडनला, खाटा धर्मादाय

इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, हे वाक्य कानावर पडलं की माझं टाळकं सटकतं. दिली म्हणजे काय केलं? खिशातून पैसे काढले? पैसा कुणाचा होता, जोखीम कुणाची होती, व्याज कुणाच्या घरी गेलं, यातलं काही विचारायचं नाही आणि कृतज्ञतेनं मान डोलवायची, अशी या मंडळींची अपेक्षा असते. मंडळी शिकलेली असतात, चार बुकं वाचलेली असतात, आणि बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, एकवीस तोफांची सलामी, एवढं पाठ म्हणून दाखवतात. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनांची नावंही सांगतात. त्या गाडीच्या भांडवलाला किती टक्के व्याज बांधून दिलं होतं, ते मात्र एकालाही सांगता येत नाही.

त्याच माणसाचं दुसरं वाक्य ऐका. आमच्या भागातून आर्मूर-निर्मल-आदिलाबाद रेल्वेची मागणी पुढे गेली की हाच गृहस्थ चष्मा पुसत म्हणतो, "लाइन परवडणार नाही हो तुमची. ट्रॅफिक कुठाय?" म्हणजे इंग्रजांची तोट्यातली रेल्वे हा उपकार, आणि आमची तोट्यातली रेल्वे ही उधळपट्टी! एकाच तोंडानं ही दोन वाक्यं बोलताना जीभ अडखळत कशी नाही? मला आधी हसू येतं आणि मग संताप येतो. आज संताप लिहून काढतो.

मी तेलंगणातल्या नेरडीगोंड्याचा. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, आदिलाबाद आणि निर्मल यांच्या साधारण मधोमध आमचं गाव आहे. पावसाळ्यात कुंतालाचा धबधबा पाहायला हैदराबादच्या गाड्यांची रांग लागते, तेवढ्यापुरती आमची आठवण होते. गावात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी सगळं ऐकू येतं. रेल्वेची शिट्टी ऐकू येत नाही, कारण रूळच नाही. मुदखेडहून किनवटमार्गे आलेली लाइन आदिलाबादला पोचते ती इथून चाळीसेक किलोमीटरवर. आणि मोठा सरकारी दवाखाना म्हणाल तर तोही आदिलाबादलाच. तेव्हा रेल्वे आणि दवाखाना या दोन गोष्टींचा पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कुणासाठी अडतो, याचा विचार करण्याचा हक्क मुंबईकराइतकाच मलाही आहे.

तर मुंबईपासून सुरुवात करू.

ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, यांच्यात करार झाला. करार वाचावा आणि कपाळावर हात मारावा असाच आहे. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी. भागधारकांच्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याज, नफा होवो वा न होवो. गाडी सुरू होण्याची अट नाही. बांधकाम चालू असतानाही व्याज सुरूच. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. पाच टक्क्यांच्या वर नफा झालाच तर त्यातला अर्धा वाटा कंपनीचा. आणि एवढं करूनही धंदा नकोसा झाला तर सहा महिन्यांची नोटीस द्यायची, रेल्वे सरकारच्या गळ्यात मारायची आणि घातलेलं भांडवल परत घेऊन घरी जायचं. त्या काळी ब्रिटिश सरकारच्या रोख्यांवर विलायतेत जेमतेम ३ टक्के सुटत होते. इथे पाच, आणि बुडण्याची भीती शून्य. असला धंदा कोण सोडेल? पाद्री, विधवा, निवृत्त कर्नल, झाडून सगळ्यांनी शेअर घेतले. हिंदुस्थानी भागधारक शोधावे लागतात.

करारात एक कलम विनिमयदराचं आहे. कंपनीचे रुपयांचे हिशेब १ शिलिंग १० पेन्सांना एक रुपया, म्हणजे २२ पेन्स, या दरानं धरायचे. व्याज मात्र लंडनमध्ये पौंडांत. पुढे चांदी पडली, तिच्याबरोबर रुपया पडला आणि १८९० च्या दशकात तो १५ पेन्सांच्याही खाली गेला. आता पाटीवर आकडेमोड करा. शंभर पौंडांच्या शेअरवर पाच पौंड व्याज. जुन्या दरानं त्याचे साडेचोपन्न रुपये होत. पंधरा पेन्सांच्या दरानं होतात ऐंशी. वरचे साडेपंचवीस रुपये कुणी भरले? लंडनच्या विधवाबाईंनी नाही. ज्याच्या शेताचा सारा माफ होत नव्हता, त्या नगर-सोलापूरच्या कुणब्यानं भरले. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही आपली म्हण आहे. इथली बायजी तर त्या उदारपणावर वर्षाला पाच टक्के घेत होती.

असल्या व्यवहाराचा परिणाम काय होणार, ते सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. खर्च वाढवला तरी व्याज तेवढंच, उलट भांडवल वाढलं तर व्याजाची रक्कम वाढणार. मग हात आखडता कोण घेईल? डलहौसीच्या वेळी मैलाला आठ हजार पौंडांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सरासरी अठरा हजारांच्या घरात गेली. १८७२ साली विल्यम मॅसी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. हे गृहस्थ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखातं सांभाळून गेलेले, आमच्या-तुमच्यासारखे नेटिव्ह कुरकुरे नव्हेत. त्यांनी सरळ सांगितलं की पाच टक्के बांधून मिळाल्यावर विलायती भांडवलदाराला आपला पैसा हुगळीत फेकला की विटा-चुन्यात घातला, याची काही फिकीर नव्हती. व्हाइसरॉय लॉरेन्स यांनी त्याच्या आधी तीन वर्षं लिहून ठेवलं होतं की सगळा नफा कंपन्यांचा आणि सगळा तोटा सरकारचा अशी ही व्यवस्था आहे. लक्षात घ्या, व्हाइसरॉयला जे दिसत होतं ते आमच्या आजच्या विद्वानांना दिसत नाही. राणीच्या नोकरानं दिलेली कबुली नाकारून हे लोक राणीची बाजू घेतात. एवढी निष्ठा तर राणीनंही मागितली नव्हती.

आणि हे फक्त साहेबांनाच कळत होतं असंही नाही. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे सरकारी शाळेतले मास्तर, न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले, १८८० च्या दशकात पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेच्या या अर्थकारणाची चिरफाड करत होते. सरकारचा पगार घेऊन सरकारचेच आकडे सरकारच्या तोंडावर मारायला छाती लागते. महाराष्ट्रात आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे? रमेशचंद्र दत्तांनी पुढे सगळी गोळाबेरीज मांडली: १९०० पर्यंत रेल्वेवर साडेबावीस कोटी पौंड खर्च, आणि करदात्याच्या माथी चार कोटी पौंडांचा तोटा. साडेबावीस कोटींच्या तुलनेत पाटबंधाऱ्यांच्या वाट्याला चतकोरही आला नाही, आणि तेही अशा देशात, जिथे १८७६ ते ७८ मध्ये दख्खनची माणसं अन्नान्न करून मेली.

घाटाचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भोर घाट, १८५६ ते १८६३. पंचवीस बोगदे, अठराशे फुटांची चढण. १८६१ च्या सुमारास एका वेळी बेचाळीस हजार माणसं तिथे राबत होती, कड्याला दोरानं लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत होती. पावसाळ्यात काम थांबे, उन्हाळ्यात पटकी येई, बारा महिने ताप. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला; त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे नेलं. हे नावगावासकट नोंदलेलं आहे. मजुरांच्या मृत्यूंचा हिशेब मात्र "हजारो" या एका शब्दात उरकलेला. घाट खुला होऊन चार वर्षं झाली न झाली तोच १८६७ च्या जुलैत त्यातला एक मोठा दगडी पूल कोसळला. आता मला सांगा, कोसळलेल्या पुलाच्या भांडवलावरचं व्याज बंद झालं का? मुळीच नाही. पूल पडला, पाच टक्के उभेच. नवा पूल बांधला, त्याचेही पाच टक्के.

आता त्याच मुंबईतले दवाखाने पाहू. इथे खरी मेख आहे.

मुंबईतलं पहिलं मोठं लोकांचं रुग्णालय म्हणजे जे. जे., सुरू झालं १८४५ मध्ये. कशातून? सर जमशेटजी जीजीभाईंनी लाखभर रुपये पुढे केले तेव्हा. शेजारचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच वर्षीचं, तेही वर्गणीतून. डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे, १८५१ चे पदवीधर. ते आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी गरिबांना फुकट औषध देत. पुढे गोकुळदास तेजपालांच्या देणगीतून जी. टी. उभं राहिलं. १८८६ मध्ये बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं, ते पेस्तनजी होरमसजी कामांच्या पैशातून. जे. जे.च्या आवारातलं बाई मोतलीबाईंचं प्रसूतिगृह, दिनशा माणेकजी पेटिटांचं रुग्णालय. यादी वाचत जा, एकेक पाटी एकेका शेटजीची. सरकारनं काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. जमिनी दिल्या, पगार दिले, काही ठिकाणी शेटजींच्या रुपयाला जोडून रुपया घातला. पण आधी शेटजीनं थैली सोडायची, मग सरकारनं हात हलवायचा, असा क्रम. रेल्वेच्या बाबतीत क्रम बरोबर उलटा: आधी सरकारनं व्याजाचं वचन द्यायचं, मग शेटजी घराबाहेर पडणार.

देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. जमशेटजींचा पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातला होता, हे जगजाहीर आहे, आणि तरीही जे. जे.मध्ये बरा होऊन बाहेर पडलेला प्रत्येक कोळी, हमाल, गिरणी कामगार त्या पैशाचा ऋणी आहे. माझं भांडण खजिन्याशी आहे. तापानं फणफणलेला माणूस हा खजिन्याच्या लेखी दयेचा विषय, आणि लंडनचा भागधारक हा हक्काचा सावकार. एकाच्या वतीनं अर्ज करावा लागे, दुसऱ्याला घरबसल्या हप्ता पोचे. पटकीच्या साथीत खाटा कमी पडल्या म्हणून कुणा मजुराला सरकारी महसुलातून पाच टक्के भरपाई मिळाल्याचं कुणी ऐकलंय?

हे सगळं एका जागी उभं राहून बघायचं असेल तर बोरीबंदरला जा. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं बांधलेलं ते स्टेशन. १८७८ ला काम सुरू, दहा वर्षं चाललं, खर्च १६ लाख १४ हजार रुपये. म्हणजे दुष्काळाची मढी उचलून होत नाहीत तोच इकडे दगड घडायला घेतला. मान वर करून भिंती न्याहाळा. मोर आहेत, माकडं आहेत, सरडे, घुबडं, पानाफुलांच्या वेली आहेत, आणि कळसावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची पुतळी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांचं कोरीवकाम त्यात आहे, आणि ते सुंदर आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण ते हमीच्या भांडवलातून झालेलं काम. त्या दगडी मोराच्या पिसाऱ्यावर, त्या माकडाच्या शेपटीवर लंडनमध्ये वर्षाला पाच टक्के जमा होत होते. आता चालू लागा. एका बाजूला सेंट जॉर्ज, मुळात गोऱ्यांचं. आझाद मैदानाच्या कडेला कामा. क्रॉफर्ड मार्केटकडे वळलात की जी. टी. तिन्ही पायी पोचण्याइतक्या अंतरावर. एकाच शहराच्या एका कोपऱ्यात स्टेशनातलं माकड सरकारी हमीवर, आणि बाळंतीण शेटजींच्या मर्जीवर.

मग १८९६ चा सप्टेंबर आला. मांडवीत गाठीचा ताप दिसू लागला आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग आहे हे ओळखलं. शहराच्या हातात तयारी किती होती? आर्थर रोडचं पालिकेचं साथीच्या रोगांचं इस्पितळ, आणि त्याच्याविषयी लोकांच्या मनात एवढी दहशत की ऑक्टोबरअखेरीस गिरणी कामगारांचा जमाव त्याच्यावर चालून गेला. खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा हिंदू, मुसलमान, पारशी, जैन, एकेका समाजानं आपापली प्लेगची इस्पितळं उभारली. हाफकिन लस शोधत होते ते ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत; जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. साथ कशी हाताळायची याचा साम्राज्याकडे आराखडा नव्हता. लोकांना गाडीतून उतरवून तपासायचं कसं, याचा मात्र लगेच तयार झाला.

लाखो लोक मुंबई सोडून पळाले, बहुतेक रेल्वेनंच. तिसऱ्या वर्गाचे उतारू फलाटावर उभे केले जात, बायाबापड्यांच्याही काखा-जांघा गाठींसाठी चाचपल्या जात. साहेबाला सूट असे. आणि जीआयपीला भाड्याचा बहुतेक पैसा कुणाकडून येत होता? याच तिसऱ्या वर्गाकडून. ज्याच्या आण्या-पैशावर कंपनी चाले, त्याच्याच महसुलातून तिची तूट भरली जाई, त्यालाच फलाटावर उघडं करत आणि आजारी निघाला तर त्याच्या जातीच्या पंचांनी उभारलेल्या छपराखाली टाकत. या व्यवस्थेला "देणगी" म्हणणाऱ्याची जीभ कुठल्या मुशीत घडली असेल?

"पण रूळ राहिले ना आपल्याकडे?" हा हुकमी एक्का. राहिले, आणि त्यांचीही किंमत वसूल झाली. १९०० मध्ये सरकारनं जीआयपी विकत घेतली, म्हणजे ज्याचं व्याज पन्नास वर्षं भरलं त्याच मालाचे पुन्हा पैसे मोजले, तेही एकरकमी नव्हे, तर १९४८ पर्यंत मुदत असलेल्या वर्षासनानं. तारीख पुन्हा वाचा. मालकी सरकारची झाल्यावरही १९२५ पर्यंत कारभार कंपनीच्याच हाती. आणि मुंबईला असं रुग्णालय कधी मिळालं, जिथले डॉक्टरही इथलेच असतील? १९२६ मध्ये, परळचं केईएम. पालिकेचं, पण त्याच्या कॉलेजला सेठ गोवर्धनदास सुंदरदासांच्या इस्टेटीतून देणगी आली आणि देणाऱ्यांनी अट घातली की शिकवणारे सगळे हिंदुस्थानीच हवेत. बघा, स्वाभिमानसुद्धा देणगीदारालाच विकत घ्यावा लागला.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. तुम्हाला वाटेल इथे तरी वेगळं असेल. छे. वाडी ते सिकंदराबाद लाइन १८७४ मध्ये सुरू झाली ती निजामाच्या पैशानं. पुढे १८८३ मध्ये नवी कंपनी आणायचा घाट घातला गेला. पुन्हा लंडन, पुन्हा ५ टक्के, वीस वर्षांची हमी, आणि कंपनीचं नावच निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. एक फाटा वर चांद्याकडे काढायचा होता, म्हणजे आजचं चंद्रपूर, आमच्या जिल्ह्याच्या अगदी शिवेला. दिवाण सालारजंग नुकतेच वारलेले, दरबारात सावळागोंधळ. तेव्हा हैदराबादेतल्या काही शहाण्या माणसांनी विचारलं की बाबांनो, कराराच्या अटी काय आहेत त्या लोकांपुढे ठेवा. त्यांत मुल्ला अब्दुल कय्यूम होते, आणि होते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, पुढे निजाम कॉलेज झालेल्या संस्थेचे संस्थापक. बक्षीस काय मिळालं? मे १८८३ मध्ये अघोरनाथांना संस्थानातून हद्दपार केलं. घरी चार वर्षांची मुलगी होती, सरोजिनी. पुढची सरोजिनी नायडू. हिशेब मागितला म्हणून प्राध्यापक हद्दपार! आणि ज्या चांद्याच्या फाट्यासाठी हे रामायण घडलं, त्या बाजूला बल्लारशाहपर्यंत रूळ जोडले जायला १९२० च्या दशकाची अखेर उजाडली. अघोरनाथांचा पुतळा आमच्या आदिलाबादेत हवा, असं माझं स्वच्छ मत आहे. रेल्वेचे पैसे कुठे जातात हे विचारल्याबद्दल शिक्षा भोगलेला माणूस तो.

झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणून मला गप्प करू नका. गंगेला काही मिळालेलं नाही. तेच सूत्र आजही आमच्या दारावरून जातं. महामार्ग ४४ चा इस्लामनगर ते कडताल हा पट्टा नेरडीगोंड्यावरून जातो. तो चौपदरी झाला अ‍ॅन्युइटी पद्धतीनं. म्हणजे सरकारनं बांधणाऱ्या कंपनीला दर सहा महिन्यांनी ठरलेली रक्कम द्यायची. रस्त्यावरून दहा गाड्या जावोत की दहा हजार. रहदारीची जोखीम सरकारची. रस्ता चांगला झाला, मी रोज वापरतो, आणि रोलमामड्याच्या नाक्यावर टोलही भरला जातो. माझं म्हणणं एवढंच की रस्त्यासाठी खजिना असं वचन देऊ शकतो, तर आमच्या रेल्वेसाठी आणि दवाखान्यासाठी त्याचा हात लुळा कसा पडतो?

रेल्वेचं कोष्टक ठरलेलं आहे. नव्या लाइनचा परतावा किती, असं विचारायचं. बरीच वर्षं १४ टक्क्यांचा निकष होता. १४! लंडनच्या पाहुण्यांना पाच टक्के आपण पदरचे भरून दिले, आणि निर्मल-नेरडीगोंड्याच्या कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्यांनी रेल्वेला चौदा कमावून दाखवायचे. पटनचेरूहून आदिलाबादपर्यंत किती सर्वेक्षणं झाली, किती वेळा नकाशे काढले, किती निवडणुकांत नारळ फोडण्याच्या गोष्टी झाल्या! "ट्रॅफिक नाही" हे उत्तर देणाऱ्यानं एकदा आमच्या फाट्यावर सकाळी उभं राहावं आणि हैदराबाद-नागपूर ट्रकांची रांग मोजावी. तो माल हवेत उडून येतो का?

त्याच फाट्यावर आणखी काय दिसतं तेही बघावं. पावसाळ्यात आतल्या गुड्यावरून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, तापाचा पेशंट आधी दुचाकीवर, दोघांच्या मधे बसवून येतो. मान खांद्यावर पडलेली. मग ऑटो, मग बस किंवा रुग्णवाहिका, मग आदिलाबाद. तिथे रिम्स आहे, २००८ पासून, सरकारच्या पैशानं उभं केलेलं मेडिकल कॉलेज, आणि ते झालं म्हणून हजारो जीव वाचले, हे मान्य करायला मला लाज नाही. पण बडे तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याच्या गावी टिकत नाहीत, ही सगळ्याच मागास जिल्ह्यांची रड आहे, आणि खजिना त्यांना टिकवून धरण्याचं बंधन स्वतःवर घेत नाही. मग पुढचा प्रवास. कुणी नांदेडला जातं, कुणी नागपूरला, कुणी हैदराबादला. कॅन्सर निघाला तर आदिलाबादच्या फलाटावर नंदिग्राम एक्स्प्रेस धरायची आणि मुंबई गाठायची. बाईच्या हातात कापडी पिशवी असते. तिच्यात एक्स-रेचं पिवळं पाकीट, रिपोर्टांची सुरळी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि भाकरी. उतरायचं ते त्याच बोरीबंदरला, त्याच दगडी मोरांच्या खाली. तिथून परळ. टाटा मेमोरियल, १९४१ चं, तेही टाटांच्या ट्रस्टनं उभारलेलं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे स्लीपरचं भाडं माफ करते, हे चांगलंच आहे. पण तिकीट माफ करून आठशे-नऊशे किलोमीटर लांब धाडायचं आणि तिथे नातेवाइकांनी फुटपाथवर पथारी पसरायची, ही सोय कुणाच्या जिवावर? पुन्हा त्याच धर्मशाळा, तेच अन्नछत्र, तीच एखाद्या शेटजीच्या नावाची पाटी.

आणि या सगळ्यावर आमचे विद्वान सांगतात की सार्वजनिक आरोग्यावर खर्च करायला पैसा नाही. पैसा नसता तर पन्नास वर्षं व्याज कशातून गेलं? अ‍ॅन्युइटीचे हप्ते कशातून जातात? पैसा होता आणि आहे. कुणाचं देणं आधी चुकतं करायचं, याची रांग ठरलेली आहे, आणि त्या रांगेत ताप आलेलं लेकरू कायम शेवटी. मला ही रांग मोडलेली हवी आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या खाटा, औषधं आणि डॉक्टरांचे पगार हे खजिन्यावरचं पहिलं देणं असावं, अगदी जीआयपीच्या भागधारकाचं होतं तसं: नफा होवो न होवो, दुष्काळ पडो न पडो, सरकार कुणाचंही येवो.

आणि आमच्या लाइनचं पुढचं सर्वेक्षण निघेल तेव्हा त्याच्या कोष्टकात एक रकाना वाढवा. या पट्ट्यातून वर्षाला किती पेशंट बाहेर गेले, जीपला किती मोजले, रुग्णवाहिकेला किती, किती जणांनी बैल विकून भाडं भरलं आणि किती जण वाटेतच गेले, तेही परताव्यात धरा. हा रकाना भरायला माणसं नाहीत असं सांगू नका. नेरडीगोंड्यात पदवी घेऊन बसलेली पोरं आहेत, त्यांना गुड्या-तांड्यांच्या वाटा पाठ आहेत आणि चारही भाषा येतात. वही-पेन आमचं आम्ही आणू.